जातकग्रंथ आणि नवशिका वाचक

‘ज्योतिष शिकावयाचे आहे, कोणते पुस्तक घ्यावे?’ हा प्रश्न आम्हांस वर्षातून पाचसात वेळा तरी विचारला जातो. विचारणारे सर्व एका जातीचे नसतात. कोणास आजोबांच्या पेटीत सापडलेली जुनी जन्मपत्रिका वाचता यावी एवढीच हौस असते. कोणी दोनतीन पुस्तके वाचून मध्येच अडलेला असतो आणि पुढची पायरी शोधीत असतो. आणि कोणी मुलीची पत्रिका घेऊन दहा ठिकाणी हिंडून थकलेला बाप असतो. दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता आपले आपणच काय ते समजून घ्यावे असे त्यास वाटू लागलेले असते. दुकानात गेल्यावर या तिघांच्याही हातात बहुधा एकच पुस्तक पडते. त्यात आरंभी बारा राशींचे स्वभाव, मग नवग्रहांचे गुणधर्म, मग बारा स्थानी नऊ ग्रह मांडून होणारी एकशे आठ फळे, आणि शेवटी रत्ने व शांती असा क्रम ठरलेला असतो. तो ग्रह त्या स्थानी आहे हे ठरले कसे, याविषयी मात्र पुस्तकात चकार शब्द नसतो. पूर्वी पंचांगाकडे बोट दाखवीत, आता यंत्राकडे दाखवितात, एवढाच काय तो फरक.

एखाद्या ग्रंथाचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शिकणाऱ्यासाठी म्हणून लिहिलेले जातकग्रंथ आपल्याकडे दीड हजार वर्षांपासून आहेत, आणि त्यांच्या कर्त्यांनी विद्यार्थ्याकडून काय अपेक्षिले होते हे पाहिल्याखेरीज आजच्या पुस्तकांची पारख होणार नाही असे आम्हांस वाटते. म्हणून प्रथम थोडा इतिहास.

ज्योतिषाचे गणित, होरा आणि संहिता असे तीन स्कंध आपल्या पूर्वाचार्यांनी मानले. जन्मकाळावरून फल सांगणे हा होरास्कंधाचा विषय. जातक ते हेच. या विषयावर जे संस्कृत ग्रंथ आज अखंड व प्रतिष्ठित म्हणून उपलब्ध आहेत त्यांत वराहमिहिराचा ‘बृहज्जातक’ अग्रगण्य होय. वराहमिहिर अवंतीचा. त्याच्या ‘पंचसिद्धांतिके’त गणिताचा आरंभ शके ४२७ म्हणजे इसवी सन ५०५ पासून केलेला आहे, त्यावरून त्याचा काळ कळतो. ‘बृहज्जातका’च्या आरंभी त्याने आपला हेतू सांगितला आहे तो मोठा मनोवेधक आहे. होराशास्त्राचा महासागर तरून जाण्याचा ज्यांचा उद्योग मोठमोठ्या ग्रंथांपुढे भंग पावला, अशांसाठी आपण ही लहानशी नौका रचीत आहो, असे तो म्हणतो. म्हणजे ज्यास आज आपण आकरग्रंथ म्हणून वंदन करतो तो मुळात थकलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला सुलभ ग्रंथ होता! ही नौकाही पुष्कळांस जड वाटली असावी. कारण पुढे त्यानेच ‘लघुजातक’ नावाचा आणखी लहान ग्रंथ केला. एकाच कर्त्याने एकाच विषयावर दोन पायऱ्यांचे दोन ग्रंथ द्यावे, ही गोष्ट त्याच्या अध्यापकवृत्तीची साक्ष आहे.

परंतु सुलभ म्हणजे उथळ नव्हे. ‘बृहत्संहिते’च्या दुसऱ्या अध्यायात ज्योतिष्याने काय काय जाणले पाहिजे याची जी लांबलचक यादी वराहमिहिराने दिली आहे ती वाचून आजच्या कित्येक दैवज्ञांस घाम फुटेल. पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह हे पाचही सिद्धांत त्यास यावे, ग्रहणाची कारणे सांगता यावी, यंत्रांनी वेध घेता यावा, सिद्धांतात आणि प्रत्यक्ष आकाशात फरक पडला तर तो ओळखता यावा. शास्त्र न जाणता दैवज्ञपण मिरविणाऱ्यास त्याने ‘नक्षत्रसूचक’ हे नाव दिले आहे आणि त्यास पंक्तीला बसविण्यासही तो अयोग्य मानतो.

गणिताचा हा आग्रह केवळ प्रतिष्ठेसाठी नव्हता, याचा पुरावा ‘बृहज्जातका’तच आहे. नाभसयोगांच्या अध्यायात ‘वज्र’ नावाचा एक योग येतो. लग्नी व सप्तमात सर्व शुभग्रह आणि चतुर्थात व दशमात सर्व पापग्रह असले म्हणजे हा योग होतो. ‘यव’ योग याच्या उलट. आता सूर्याची गणना पापग्रहांत, आणि बुध व शुक्र यांची शुभग्रहांत. तेव्हा या योगासाठी बुध आणि शुक्र सूर्यापासून चौथ्या स्थानी, सुमारे ९० अंशांवर, जावयास हवेत. परंतु ज्याने सायंकाळी शुक्र मावळताना पाहिला आहे त्यास हे ठाऊक असते की तो सूर्यापासून फार दूर जाऊच शकत नाही. त्याची मर्यादा सुमारे ४७ अंश, आणि बुधाची तर २८ अंश. वराहमिहिराने हे योग दिले आहेत, पण लगेच पुढे कबुलीही दिली आहे की, पूर्वशास्त्रास अनुसरून आपण हे सांगितले खरे, तथापि बुध व शुक्र सूर्यापासून चौथ्या घरी असणार कसे? शिकवणाऱ्या ग्रंथात, विद्यार्थ्यासमोर, पूर्वसूरींच्या वचनाविषयी शंका घेण्याचे हे धैर्य आम्हांस फार मोलाचे वाटते. आयुर्दायाच्या अध्यायातही त्याने अनेक आचार्यांची मते मांडून, काहींचे दोष दाखवून, सत्याचार्यांचे मत स्वीकारले आहे.

दुसरी गोष्ट ऋणाची. ‘बृहज्जातका’त यवनांची मते नाव घेऊन येतात, आणि यवन हे म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्या ठायी नीट स्थिरावलेले असल्यामुळे ऋषींप्रमाणे पूज्य आहेत, असा आशय ‘बृहत्संहिते’त स्पष्ट आहे. शब्दच पाहावे. केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, लिप्ता हे सर्व शब्द ग्रीक मुळाचे. मेषादी राशींस क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक अशी जी नावे तेथे दिली आहेत तीही ग्रीकच. ‘होरा’ हा शब्द अहोरात्रातील पहिले व शेवटचे अक्षर गाळून झाला अशी व्युत्पत्ती वराहमिहिराने नोंदविली आहे. पण ग्रीकांचा तासवाचक शब्द तोच आहे. आणि ज्या सप्तमस्थानावरून आपल्या घरी विवाहाचा विचार होतो त्याचे ‘जामित्र’ हे नाव ग्रीकांच्या व्यासवाचक ‘दियामेत्रोस’ शब्दाचे रूपांतर आहे. लग्नाच्या बरोबर समोरचे स्थान एवढाच त्याचा मूळ अर्थ.

‘बृहज्जातका’वर भटोत्पलाची टीका आहे, तिच्या शेवटी शके ८८८ हा काळ दिलेला आहे. या टीकेइतका प्रामाणिक मार्गदर्शक प्रगत विद्यार्थ्यास दुसरा मिळणे कठीण. उत्पलाचे एक वाक्य तर आजच्या ग्राहकाने ध्यानात धरण्याजोगे आहे. पराशराची संहिता आपण पाहिली, परंतु त्याचे जातक पाहिले नाही, केवळ ऐकले, असे तो सांगतो. दहाव्या शतकात एवढा बहुश्रुत टीकाकार जो ग्रंथ पाहू शकला नाही, तो आज ‘बृहत्पाराशरहोरा’ या नावाने छापलेला मिळतो आणि सर्व जातकाचे मूळ म्हणून दाखविला जातो. त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अध्यायांची संख्याही जुळत नाही. ग्रंथ निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या प्रस्तावनेत त्यास पाच हजार वर्षांचा म्हटले असेल त्या प्रस्तावनेच्या कर्त्यावर बाकीच्या बाबतीतही विसंबू नये.

वराहमिहिराच्या लहान ग्रंथाचे पुढे काय झाले, याची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. गझनीच्या महमुदाच्या काळी अल्बेरुणी या देशात आला, संस्कृत शिकला, आणि त्याने ‘लघुजातका’चे अरबीत भाषांतर केले. पुढे इसवी सन १०२९ च्या सुमारास गझनीत त्याने स्वतःच नवशिक्यांसाठी एक ग्रंथ लिहिला, तो रैहाना नावाच्या एका स्त्रीच्या विनंतीवरून. ‘तफहीम’ म्हणजे समजावून सांगणे, हे त्याचे नाव. ग्रंथ सारा प्रश्नोत्तररूप. बिंदू म्हणजे काय, रेषा म्हणजे काय, येथून आरंभ. मग भूमिती, मग अंकगणित, मग खगोल व भूगोल, मग कालगणना, मग यंत्रराजाचा उपयोग, आणि एवढे सर्व झाल्यावर अखेरीस फलज्योतिष. या चार विद्या आल्याखेरीज कोणी ज्योतिषी म्हणवून घेऊ नये असा त्याचा दंडक. फलितावर खुद्द अल्बेरुणीचा विश्वास फारसा नव्हता. तरी शिकवावयाचे तर पायापासून, हे त्याने सोडले नाही. रैहानेविषयी तिच्या पित्याचे नाव हसन, यापलीकडे फारसे काही कळत नाही. परंतु नऊशे नव्याण्णव पुस्तकांत राशिस्वभावापासून सुरुवात होत असता एका स्त्रीच्या प्रश्नासाठी बिंदूपासून सुरुवात करणारा हा ग्रंथ पाहिला की तिच्या बुद्धीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या प्रांताकडे वळू. ज्योतिषाच्या इतिहासात पंधराव्या सोळाव्या शतकांतील महाराष्ट्रास मोठा मान आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे आजच्या पुस्तकांचे गुण व दोष दोन्ही याच काळात रुजले. कोकणच्या किनाऱ्यावर नांदगाव येथे केशव दैवज्ञ राहत असे. त्याने शके १४१८ मध्ये ‘ग्रहकौतुक’ हा करणग्रंथ केला आणि ‘जातकपद्धति’ही लिहिली. स्वतः वेध घेऊन, ग्रंथांत आणि आकाशात कोठे किती अंतर पडते हे नमूद करणारा तो खरा संशोधक होता. पुढच्या गणकांनीही असेच वेध घेऊन ग्रंथ सुधारावे अशी त्याची अपेक्षा होती. त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ याने शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. या ग्रंथाची करामत अशी की, ज्या व चाप यांची किचकट गणिते त्याने अजिबात टाळली, आणि अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, चक्र कल्पून अहर्गणाची मोठी रक्कम आटोक्यात आणली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार येणाऱ्या कोणत्याही भटजीस आता पंचांग करता येऊ लागले. पुढे शतकानुशतके आमच्याकडील पंचांगे याच ग्रंथावरून होत.

ही सोय थोर होती यात संशय नाही. पण सोयीबरोबर एक अपाय आला. रीत पाठ झाली आणि रीतीमागील कारण विसरले. बापाने आकाशाकडे पाहण्यास सांगितले होते. मुलाच्या ग्रंथाने, त्याची तशी इच्छा नसताही, आकाशाकडे न पाहता काम भागू लागले.

फलिताच्या बाजूस हेच गोदातीरी घडले. पार्थपुर, म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या मते आजचे पाथरी, येथे ज्ञानराजाने शके १४२५ मध्ये ‘सिद्धांतसुंदर’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्याचा शिष्य ढुंढिराज याने ‘जातकाभरण’ लिहिले. त्यात संवत्सर, ऋतू, मास, तिथी, वार येथपासून ग्रहांच्या स्थानांपर्यंत प्रत्येकाचे फळ तयार श्लोकांत बांधलेले आहे. पत्रिका लिहिणाऱ्याने योग्य ते श्लोक उचलून एकाखाली एक मांडावे की काम झाले. आमच्या घराण्यांतून सापडणाऱ्या जुन्या, वीतभर रुंद व दोनचार हात लांब पत्रिकांतील संस्कृत श्लोक पुष्कळदा याच वळणाचे असतात. गुरू सिद्धांताचा, शिष्य आभरणाचा! सिद्धांत वाचणारे कमी होत गेले आणि आभरण घरोघर पोहोचले. आजच्या एकशे आठ फळांच्या पुस्तकाचा हा सरळ पूर्वज होय.

याच शतकाच्या उत्तरार्धात मूळचे विदर्भाकडील एक घराणे काशीस नांदत होते. त्यातील नीलकंठाने शके १५०९ मध्ये ‘ताजिकनीलकंठी’ आणि त्याचा बंधू राम याने शके १५२२ मध्ये ‘मुहूर्तचिंतामणि’ रचला. ताजिक म्हणजे वर्षफलाची पद्धती. ती अरबी व फारशी ग्रंथांतून आली, आणि इक्कबाल, इत्थशाल, ईसराफ, कंबूल, सहम हे तिचे शब्दच ते सांगतात. ‘जातकालंकार’ हे एक लोकप्रिय पुस्तक शके १५३५ मधील. त्याच्या कर्त्याचे नावही गणेश, म्हणून कोणी ते ‘ग्रहलाघव’काराच्या नावावर विकू लागल्यास फसू नये.

मग छापखाने आले. १८४१ साली मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले. नंतर निर्णयसागर व वेंकटेश्वर या छापखान्यांनी मूळ ग्रंथ टीकांसह सर्वांस सुलभ केले. जी पोथी मिळविण्यासाठी पूर्वी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे ती आता विकत मिळू लागली. गुरू मात्र पोथीबरोबर मिळत नव्हता. त्याच काळात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून ‘ग्रहलाघवा’ची स्थूलता उघड केली, आणि पंचांगाचा वाद पेटला. आकाशाशी जुळणारे गणित हवे, येथपर्यंत शहाण्यांचे एकमत होते. पण राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा यावर फूट पडली. रेवतीचा योगतारा आरंभी धरावा असा एक पक्ष. छत्र्यांचा तोच, आणि टिळक पंचांग आजही त्याच पक्षाचे. चित्रा तारा बरोबर समोर धरून आरंभ ठरवावा हा दुसरा. व्यंकटेश बापूजी केतकर हे त्याचे पुरस्कर्ते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ साली दुसऱ्यास अनुकूल असा निर्णय देऊन २१ मार्च १९५६ रोजीचा अयनांश २३ अंश १५ कला ठरविला.

हा वाद पंडितांचा म्हणून नवशिक्याने दुर्लक्षू नये. दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. म्हणूनच टिळक पंचांगाची मकरसंक्रांत इतरांपेक्षा चार दिवस आधी, १० जानेवारीस, येते. एक राशी तीस अंशांची. तेव्हा सरासरीने साडेसात ग्रहांत एक ग्रह केवळ पक्ष बदलल्याने शेजारच्या राशीत जाऊन बसतो, आणि लग्नाचीही तीच गत. विंशोत्तरी दशा तर चंद्राच्या नक्षत्रातील अंशांवर मोजतात; तेथे चार अंशांनी वर्षांचे फेर पडतात. ज्या पुस्तकात आपण कोणता अयनांश धरला आहे हे सांगितलेले नाही, त्यातील सूक्ष्म फलांची चर्चा ही कळस आधी आणि पाया मागाहून अशातली होय.

आता त्या मुलीच्या बापाकडे येऊ. त्यास बहुधा मंगळाने गाठलेले असते. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची, हा नियम प्रत्येक पुस्तकात असतो. ‘बृहज्जातका’त स्त्रीजातकाचा अध्याय आहे, सप्तमस्थ पापग्रहांची कठोर फळेही तेथे आहेत, पण ही पाच स्थानांची सरसकट जंत्री तेथे नाही. ती मागाहूनच्या संग्रहांतली. पुस्तक मिटून क्षणभर त्रैराशिक मांडावे. बारा स्थानांपैकी पाच, म्हणजे शंभरांत सुमारे बेचाळीस माणसे मंगळाची ठरणार. चंद्रापासूनही मोजावे असे काही म्हणतात. तसे केले तर शंभरांत सहासष्ट. तीन मुलींपैकी दोन ज्यात सापडतात तो दोष कसला? म्हणूनच मग अपवादांची दुसरी तितकीच लांब जंत्री रचावी लागली. एवढे त्रैराशिक ज्या पुस्तकाने वाचकास करून दाखविले असते त्याने कित्येक घरांतील रडणे वाचविले असते. आमच्या परिचयाच्या एका घरी चांगले जमत आलेले स्थळ या कारणाने मोडले; पत्रिका पाहणाऱ्याने लग्नच चुकीच्या गावाचे अक्षांश धरून काढले होते, हे दोन वर्षांनी कळले. तोवर मुलाचे दुसरीकडे झाले होते.

फलिताची परीक्षाच घ्यावी असे कोणास वाटले नाही काय? वाटले. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या कुंडल्या जमवून, प्रत्येक ज्योतिष्यास चाळीस चाळीस पाठवून, मूल कोणत्या गटातले ते ओळखण्यास सांगितले. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागविल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. बरोबर उत्तरांची सरासरी शेकडा ४६ आली. एका संस्थेस दोनशेही कुंडल्या दिल्या होत्या; तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही इतकीच येतात. हा निकाल ज्यास मान्य नसेल त्याने अधिक चांगली परीक्षा योजावी. पण अशी परीक्षा झाली हे विद्यार्थ्यापासून लपवून ठेवणारे पुस्तक आम्ही चांगले म्हणणार नाही.

मग घ्यावे काय? ज्यास केवळ हौस आहे त्याने दीक्षितांच्या ‘ज्योतिर्विलासा’पासून आरंभ करावा, त्यात भविष्य नाही, पण रात्री गच्चीवर जाऊन ग्रह आणि नक्षत्रे ओळखण्याची गोडी आहे. सोबत एक पंचांग घेऊन महिनाभर चंद्राचे नक्षत्र रोज आकाशात ताडून पाहावे. पुढे जावयाचे असल्यास ‘लघुजातक’ सार्थ वाचावे. मग ‘बृहज्जातक’ उत्पलटीकेसह. वाटेत ‘लघुपाराशरी’चे बेचाळीस श्लोक पाहण्यास हरकत नाही. आणि कोणत्याही पायरीवर असो, दीक्षितांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ जवळ असावा. कोणता ग्रंथ कोणी, कोठे, केव्हा लिहिला हे मराठीत इतक्या निर्भीडपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. मुलीच्या बापास आम्ही यांपैकी एकही सुचवीत नाही. त्यास वरचे त्रैराशिक पुरे.

इतके करूनही ज्यास एखादे नवे मराठी पुस्तकच घ्यावयाचे असेल त्याने दुकानात उभ्या उभ्या एक करावे. अनुक्रमणिकेत नाभसयोग शोधून वज्रयोगाचे पान काढावे. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक पुस्तकांत योगाची व्याख्या असते, त्याचे फळही असते, आणि बुध व शुक्र तेथे जाणार कसे ही वराहमिहिराची शंका तेवढी गाळलेली असते.